स्तनतपासणी शिबिरे : बॅनरवर काय नाही ते विचारा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

ऑक्टोबर जवळ आला की मुंबईत गुलाबी बॅनर दिसू लागतात. स्टेशनबाहेर, सोसायटीच्या फाटकावर, नवरात्रीच्या मंडपाशेजारी. मजकूर थोड्याफार फरकाने तोच असतो : ‘महिलांसाठी मोफत स्तनकर्करोग तपासणी. रेडिएशन नाही, वेदना नाही, स्पर्श नाही, दहा मिनिटांत रिपोर्ट.’ आयोजकांच्या हेतूबद्दल शंका घेण्याचे कारण नाही. पण तपासणी नेमकी कोणती, ती कोणत्या वयाच्या बाईसाठी आणि रिपोर्टात काही निघाले तर तिने पुढे कुठे जायचे, यातले काहीही त्या बॅनरवर नसते. आम्ही स्तनाच्या इमेजिंगचे काम करणारे काही रेडिओलॉजिस्ट आणि तंत्रज्ञ आहोत. बॅनरवर राहून गेलेले ते सांगण्यासाठी हे पत्र.

‘यातली सगळ्यात चांगली तपासणी कोणती?’ असे लोक विचारतात. याला सरसकट उत्तर नाही, कारण प्रत्येक यंत्र वेगळीच गोष्ट पाहते. मॅमोग्राफी क्ष-किरणांना होणारा अडथळा पाहते, सोनोग्राफी आवाजाचा प्रतिध्वनी ऐकते, एमआरआय शिरेतून दिलेले औषध कुठे भराभर शोषले जाते ते बघते, थर्मल कॅमेरा फक्त कातडीची उष्णता मोजतो. कर्करोगाची एखादी गाठ यातल्या एकात ठळक दिसते आणि दुसऱ्यात मुळीच दिसत नाही. म्हणून आधी यंत्राला काम नेमून द्यावे लागते : कोणतीही तक्रार नसलेल्या बाईत लपलेले काही शोधायचे आहे, की हाताला लागलेल्या गाठीचा उलगडा करायचा आहे?

हाताला गाठ लागत असेल, स्तनाग्रातून आपोआप रक्ताळ किंवा पाण्यासारखा स्राव येत असेल, स्तनाग्र नव्याने आत ओढले गेले असेल, कातडी जाड होऊन तिच्यावर खळगे पडले असतील, तर शिबिराच्या रांगेत उभे राहूच नये. शिबिरातली तपासणी तक्रार नसलेल्यांसाठी बेतलेली असते. गाठ असलेल्या बाईला डॉक्टरांच्या हाताची तपासणी, वयानुसार सोनोग्राफी व मॅमोग्राफी आणि गरजेप्रमाणे सुईने घेतलेला तुकडा, असे तिन्ही लागते. या तिन्हींचा मेळ बसला पाहिजे. ‘मॅमोग्राफी नॉर्मल आली’ एवढ्यावर हाताला लागणारी गाठ सोडून देणे हा आमच्या क्षेत्रातला सगळ्यात महागात पडणारा प्रकार आहे. मॅमोग्राफीत दहापैकी एखाद-दुसरा कर्करोग दिसत नाही, हे गृहीत धरूनच काम करायचे असते.

आता मॅमोग्राफीबद्दल जरा सविस्तर, कारण गैरसमज तिच्याबद्दलच जास्त आहेत.

प्रत्येक स्तनाची दोन चित्रे घेतात : एक वरून खाली, एक तिरपे. म्हणजे एकूण चार. स्तन डिटेक्टरवर, म्हणजे किरण टिपून चित्र बनवणाऱ्या पाटावर, ठेवून वरून पारदर्शक प्लास्टिकचे पॅडल दाबतात. दाब साधारण १०० ते १५० न्यूटन, म्हणजे दहा ते पंधरा किलो वजनाइतका, आणि तोही काही सेकंदच. तो छळ करण्यासाठी नसतो. स्तन दाबून पातळ झाला की एकावर एक बसलेल्या ऊती पसरतात, किरण कमी विखुरतात, हालचाल थांबते आणि कमी किरणांत काम होते. ‘दुखते म्हणून जरा सैल ठेवा’ असे बाई म्हणते, तंत्रज्ञही दयेपोटी ऐकते, आणि मग चित्र किंचित हलते. मोठी गाठ हललेल्या चित्रातही दिसेल, पण बारीक कॅल्शियमचे कण पुसले जातात. पाळी चालू असेल त्यांनी पाळी संपल्यानंतरच्या आठवड्यात तपासणी ठेवली तर दुखणे बरेच कमी होते. शिबिराची तारीख ठरवताना हे कुणी बघत नाही, ते शक्यही नसते. पण वेळ घेऊन केंद्रावर जाणाऱ्या बाईला ते सहज जमते.

किरणांची भीती दाखवून दुसऱ्या तपासण्या विकल्या जातात, म्हणून हाही आकडा असू द्या. चारही चित्रांचा मिळून परिणामकारक डोस सुमारे ०.४ मिलिसिव्हर्ट होतो. माती, हवा, अन्न आणि आकाश यांच्याकडून जगातल्या माणसाला वर्षाकाठी सरासरी २.४ मिलिसिव्हर्ट मिळतातच. म्हणजे मॅमोग्राफीचा डोस साधारण दोन महिन्यांच्या नैसर्गिक किरणांइतका. तो शून्य नाही, म्हणून पंचविशीतल्या मुलीची उगाच मॅमोग्राफी करत नाहीत. पण चाळिशी-पन्नाशीतल्या बाईने त्याला घाबरून तपासणी टाळावी, इतकाही तो नाही.

चित्र चांगले की वाईट हे बटण दाबण्याआधीच बरेचसे ठरलेले असते. तिरप्या चित्रात छातीचा स्नायू वरच्या कोपऱ्यातून उतरत स्तनाग्राच्या पातळीपर्यंत यायला हवा, स्तनाखालची घडी उघडलेली दिसायला हवी आणि स्तनाग्र बाजूने दिसायला हवे. स्नायूची नुसती बारीक पट्टी कोपऱ्यात दिसत असेल, तर स्तनाचा मागचा भाग आणि काखेकडचे टोक चित्रात आलेलेच नाही. जे चित्रात आले नाही ते वाचणाऱ्याला दिसणार कुठून? हे बहुतेक वेळा घाईत होते. बाई घाबरून खांदे वर ताठ धरते, कंबर मागे घेते, आणि तंत्रज्ञ हाताने स्तन उचलून, पुढे ओढून घेण्याऐवजी तसेच पॅडल खाली आणते. खांदा सैल सोडायला लावून, एक पाऊल आत घेऊन पुन्हा मांडणी केली की तोच स्तन दोन-तीन सेंटिमीटर जास्त आत येतो. वरून घेतलेल्या चित्रालाही मोजमाप आहे. स्तनाग्रापासून मागच्या कडेपर्यंतचे अंतर तिरप्या चित्रातल्या अंतरापेक्षा एक सेंटिमीटरहून जास्त कमी भरले, तर ते चित्र पुन्हा घ्यावे. एका दुपारी साठ-सत्तर बायका उरकायच्या असतील, तर हे मोजायला वेळ कुणाला असतो!

मुंबईत आणखी एक भानगड होते. इथल्या दमट हवेत घामोळ्याची पावडर किंवा डिओडरंट लावल्याशिवाय कुणी घराबाहेर पडत नाही. त्यातले अॅल्युमिनियम, झिंक किंवा टाल्कचे कण काखेच्या घड्यांत बसतात आणि चित्रात हुबेहूब कॅल्शियमच्या कणांसारखे चमकतात. मग बाईला पुन्हा बोलावणे, मोठी केलेली चित्रे घेणे आणि तिने मधले चार दिवस झोपेविना काढणे आले. शिबिराच्या निरोपात ‘पावडर, डिओ, क्रीम लावून येऊ नये’ एवढी ओळ घातली आणि टेबलावर ओल्या वाइप्सचे पाकीट ठेवले, तर यातले बरेच वाचेल. कपडेही सुटे घालावेत. साडी किंवा सलवार-कुर्ता चालतो, एकसंध गाऊन नको.

कॅल्शियमचे हे कण इतके महत्त्वाचे का? दुधाच्या नळीच्या आतच असलेला, अजून बाहेर न पसरलेला कर्करोग बहुधा याच कणांवरून ओळखू येतो. गाठ नसते, दुखत नाही, हाताला काही लागत नाही. असतात ते फक्त अर्ध्या मिलिमीटरहून लहान, वेड्यावाकड्या आकाराचे, ओळीत किंवा झुबक्यात बसलेले कण. जुन्या फायब्रोअॅडिनोमातले, म्हणजे कर्करोग नसलेल्या गाठीतले, जाडेभरडे खडे किंवा रक्तवाहिनीच्या भिंतीतल्या दोन समांतर रेघा निरुपद्रवी असतात. हा फरक पाहायला डिटेक्टरचा एकेक बिंदू ५० ते १०० मायक्रॉनचा असतो आणि वाचायला पाच मेगापिक्सेलचा खास मॉनिटर लागतो. त्यामुळे फिल्म खिडकीशी धरून मोबाइलवर काढलेला फोटो व्हॉट्सअॅपवर पाठवून ‘डॉक्टर, जरा बघता का’ असे विचारण्यात अर्थ नाही. त्या फोटोत नेमके तेच कण गायब असतात. केंद्राकडून डायकॉम स्वरूपातली, म्हणजे यंत्राची मूळ चित्रे असलेली, सीडी किंवा लिंक मागून घ्यावी.

‘डिजिटल मॅमोग्राफी’ या नावाखाली दोन वेगळ्या गोष्टी चालतात, हेही सांगायला हवे. एका प्रकारात जुन्याच मशीनमध्ये कॅसेट घालून ती नंतर रीडरमध्ये वाचतात, त्याला सीआर म्हणतात. दुसऱ्यात डिटेक्टर मशीनमध्येच बसवलेला असतो, तो डीआर. कॅनडातल्या ओंटारिओ प्रांताने आपल्या तपासणी कार्यक्रमातले आकडे ताडून पाहिले तेव्हा सीआर यंत्रांवर कर्करोग कमी सापडत असल्याचे दिसले, आणि २०१३ मध्ये तिथे ती यंत्रे बदलायला घेतली. शिबिरवाल्यांना ‘सीआर की डीआर?’ हा प्रश्न विचारायला पैसे पडत नाहीत. यंत्राला अणुऊर्जा नियामक मंडळाचा परवाना आहे का आणि दर दोन वर्षांनी करायची गुणवत्ता चाचणी झाली आहे का, हेही विचारावे. या मंडळाचे मुख्यालय आपल्याच अणुशक्तीनगरात आहे. फिरत्या व्हॅनच्या बाबतीत तर हे जास्तच लागू. अनेक डिटेक्टरांत सेलेनियमचा थर असतो आणि तो तापमानाला फार हळवा. मे महिन्याच्या उन्हात एसी आणि जनरेटर बंद करून रस्त्याकडेला उभ्या केलेल्या व्हॅनमध्ये हा थर बिघडतो. चित्रात आधी ठिपके येतात, मग डाग. दिवसाचे पहिले चित्र चाचणीच्या ठोकळ्याचे, म्हणजे फँटमचे, घेतले असेल तर हे लगेच लक्षात येते. ते घेतलेच नसेल तर कित्येक बायकांचे रिपोर्ट डागाळलेल्या चित्रांवरून जातात.

एवढे सगळे नीट केले तरी मॅमोग्राफी एका ठिकाणी अडते, ते म्हणजे दाट स्तन. चरबी चित्रात काळी दिसते, दुधाच्या ग्रंथी व तंतू पांढरे दिसतात, आणि कर्करोगही पांढराच. तांदळात पांढरा खडा शोधावा तसे होते. घनतेचे अ, ब, क, ड असे चार गट आहेत, त्यातले क आणि ड हे दाट. चरबी जास्त असलेल्या स्तनात मॅमोग्राफी दहातले नऊच्या आसपास कर्करोग दाखवते. ड गटात तेच प्रमाण सहा-सातवर येते. तरुण वयात स्तन जास्त दाट असतात, आणि भारतात हा आजार पाश्चात्त्य देशांपेक्षा साधारण दहा वर्षे आधी गाठतो. तेव्हा हा प्रश्न आपल्याकडे अधिक बोचरा आहे. अमेरिकेत १० सप्टेंबर २०२४ पासून प्रत्येक बाईला तिचे स्तन दाट आहेत की नाहीत हे लेखी कळवणे बंधनकारक झाले. आपल्याकडे असा नियम नाही, आणि शिबिरातल्या एका ओळीच्या ‘नो अॅबनॉर्मॅलिटी’ रिपोर्टात घनतेचा उल्लेखही नसतो. ज्या बाईचा गट ड आहे तिच्यासाठी ‘काही दिसले नाही’ आणि ‘काही नाही’ यांत मोठे अंतर आहे, आणि ते तिला कुणी सांगितलेले नसते.

दाट स्तनात सोनोग्राफीची जोड मिळाली की किती फरक पडतो याचे चांगले आकडे आहेत. जपानमध्ये ४० ते ४९ वयाच्या सुमारे ७३ हजार स्त्रियांवर झालेल्या चाचणीत नुसत्या मॅमोग्राफीने ७७ टक्के कर्करोग पकडले गेले, सोनोग्राफीची जोड दिल्यावर ९१ टक्के. अमेरिकेतल्या एका चाचणीत दाट स्तनांच्या, जास्त जोखमीच्या स्त्रियांत मॅमोग्राफीने हजारी ७.६ कर्करोग सापडले, दोन्ही मिळून ११.८. या फायद्याला किंमतही आहे. सोनोग्राफी जोडली की निरुपद्रवी गाठीसाठी सुई टोचावी लागण्याचे प्रमाण वाढते. जपानच्या चाचणीतही तेच झाले.

सोनोग्राफीचे बळ दुसरीकडेही आहे. गाठ पाण्याची की भरीव, हे ती क्षणात सांगते. आतून पूर्ण काळी, पातळ भिंतीची आणि मागे उजळ पट्टा टाकणारी गाठ म्हणजे साधी सिस्ट, विषय संपला. भरीव गाठ आडवी, गुळगुळीत असेल तर बहुधा फायब्रोअॅडिनोमा. रुंदीपेक्षा उंची जास्त, कडा काटेरी आणि मागे काळी सावली, असे असेल तर सुई लागणार. तिशीच्या आतल्या बाईला गाठ लागली तर पहिली तपासणी सोनोग्राफीच. पण ही तपासणी हातावर चालते. १० मेगाहर्ट्झच्या वरचा सपाट प्रोब, म्हणजे अंगावर फिरवायचा यंत्राचा भाग, हवा. पोटासाठीचा वाकडा, कमी फ्रिक्वेन्सीचा प्रोब स्तनावर फिरवून दिलेल्या रिपोर्टाला काही किंमत नाही. बाईला किंचित कुशीवर वळवून, त्या बाजूचा हात डोक्यावर घ्यायला लावायचा म्हणजे स्तन छातीवर पसरतो. चरबीचा एखादा गोळा एका दिशेने गाठीसारखा दिसतो, पण प्रोब ९० अंशांत फिरवला की लांबट होऊन शेजारच्या चरबीत मिसळतो. न फिरवणाऱ्याला तिथे ‘गाठ’ सापडते. दोन्ही स्तन आणि दोन्ही काखा नीट पाहायला पंधरा-वीस मिनिटे लागतात. रिपोर्टात ‘उजवीकडे, घड्याळातल्या दहाच्या जागी, स्तनाग्रापासून ४ सेंटिमीटर’ अशी जागा आणि तिन्ही मापे नसतील, तर सहा महिन्यांनी तीच गाठ आहे की दुसरी, हे कुणालाही सांगता येणार नाही. आणि मघाशी सांगितलेले कॅल्शियमचे कण सोनोग्राफीत सहसा दिसत नाहीत. म्हणून पन्नाशीच्या बाईला ‘मॅमोग्राफी नको, सोनोग्राफीच करा’ असे सुचवणे चुकीचे.

मग शिबिरात सोनोग्राफी का नसते? कारण सोनोग्राफीचे प्रत्येक यंत्र गर्भलिंगनिदान रोखणाऱ्या पीसीपीएनडीटी कायद्याखाली ठरलेल्या जागेवर नोंदवलेले असते, आणि ते उचलून सोसायटीच्या हॉलमध्ये आणता येत नाही. मुली वाचवण्यासाठी केलेल्या या कायद्याबद्दल आमची तक्रार नाही. पण त्याचा परिणाम असा की शिबिरात जागा भरायला दुसरे काहीतरी येते, आणि बहुधा ते थर्मल कॅमेऱ्याचे असते.

थर्मोग्राफीमागची कल्पना अशी की कर्करोगाभोवती रक्तवाहिन्या वाढतात, तिथली कातडी गरम होते आणि ती रंगीत चित्रात दिसते. पण खोलवर बसलेल्या लहान गाठीची ऊब कातडीपर्यंत पोचेतो विरून जाते. उलट, खोलीचा पंखा, एसीचा झोत, नुकताच जिना चढून आलेली बाई, अंगावर पिणारे बाळ, साधी सूज, पाळीचे दिवस या सगळ्यांनी कातडीचे तापमान बदलते. अमेरिकेत १९७० च्या दशकातल्या मोठ्या स्तनतपासणी प्रकल्पात थर्मोग्राफी सुरुवातीला होती. ती कामाची ठरली नाही म्हणून काढावी लागली. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०११ मध्ये आणि पुन्हा २०१९ मध्ये स्पष्ट इशारा दिला की थर्मोग्राफी मॅमोग्राफीच्या जागी वापरता येणार नाही. आता तिला ‘एआय’ची जोड देऊन विकतात. एआयचा स्तनतपासणीत खरोखर उपयोग आहे. स्वीडनमध्ये ८० हजारांवर स्त्रियांच्या मॅमोग्राफीवर झालेल्या चाचणीत एआयच्या मदतीने वाचनाचे काम ४४ टक्क्यांनी घटले, आणि कर्करोग कमी नाही, थोडे जास्तच सापडले. पण ते मॅमोग्राफीचे चित्र होते. कॅमेऱ्यात माहिती आलीच नसेल तर सॉफ्टवेअर ती कुठून आणणार? थर्मल चित्र ‘हिरवे’ आले म्हणून निर्धास्त होऊन जी बाई पुढची दोन वर्षे मॅमोग्राफी करत नाही, तिचे नुकसान कोणत्याही रिपोर्टात नोंदले जात नाही.

उरलेल्या यंत्रांबद्दल थोडक्यात. टोमोसिंथेसिस, म्हणजे लोक ज्याला थ्री-डी मॅमोग्राफी म्हणतात, त्यात क्ष-किरणांची नळी कमानीत फिरते आणि स्तनाचे एकेक मिलिमीटरचे काप दाखवते. एकमेकांवर पडलेल्या सावल्या सुट्या होतात. अमेरिकेतल्या साडेचार लाखांवर तपासण्यांच्या २०१४ च्या अभ्यासात पसरू शकणारे कर्करोग हजारी २.९ ऐवजी ४.१ सापडले, आणि उगाच परत बोलावणे हजारी १०७ वरून ९१ वर आले. परवडत असेल तर जरूर करावी. आयोडीनचे औषध देऊन केलेली मॅमोग्राफी दाट स्तनांत एमआरआयच्या जवळपास जाते आणि दहा मिनिटांत उरकते, पण मूत्रपिंड आणि आयोडीनची अॅलर्जी आधी तपासावी लागते.

एमआरआय यातली सर्वात तीक्ष्ण, हे खरे. नेदरलँड्समध्ये अतिदाट स्तनांच्या ५० ते ७५ वयाच्या स्त्रियांची मोठी चाचणी झाली, तिचे निष्कर्ष २०१९ मध्ये आले. मॅमोग्राफी नॉर्मल आल्यावर एका गटाला एमआरआयचे आमंत्रण दिले. दोन फेऱ्यांच्या मधे उद्भवणारे कर्करोग त्या गटात हजारी २.५ होते, आमंत्रण न दिलेल्यांत ५. पण एमआरआयमुळे बायोप्सी झालेल्यांत चारपैकी एकीलाच कर्करोग निघाला. म्हणून ही सरसकट सगळ्यांची तपासणी नव्हे. बीआरसीए या, स्तनकर्करोगाच्या आनुवंशिक जोखमीशी जोडलेल्या जनुकात दोष असलेल्यांना मात्र ती पंचविशीपासून दरवर्षी सुचवतात, आणि तिशीपासून तिच्या जोडीला मॅमोग्राफी. करायची तर पालथे झोपून, स्तनांसाठीच्या खास कॉइलमध्ये, गॅडोलिनियमचे औषध देऊन. पाळीच्या सातव्या ते चौदाव्या दिवसात, कारण इतर दिवसांत साध्या ऊतीही औषध शोषून उजळतात. औषधाशिवाय केलेली एमआरआय सिलिकॉनचे रोपण फुटले आहे का हे सांगते, कर्करोगासाठी तिचा भरवसा धरू नये. आणि पैसे भरण्याआधी विचारावे : फक्त एमआरआयमध्येच दिसणारे काही निघाले, तर एमआरआय बघत बायोप्सी करण्याची सोय इथे आहे का? नसेल तर त्या रिपोर्टाचे करायचे काय, हा प्रश्न बाईच्या पदरात पडतो. पेट-सीटी आणि ‘सीए १५-३’ ही रक्ताची चाचणी कर्करोग शोधण्यासाठी नाहीतच. हेल्थ पॅकेजमध्ये त्या दिसल्या तर खुशाल वगळाव्यात.

रिपोर्टाचा निष्कर्ष ज्या ठरावीक आकड्यांत लिहितात, त्या बायरॅड्सच्या आकड्यांनी बराच घोळ होतो. ० म्हणजे ‘काही नाही’ नव्हे. ० म्हणजे तपासणी अपुरी, आणखी चित्रे किंवा सोनोग्राफी हवी. ० बघून पेढे वाटलेली घरे आहेत. १ आणि २ निर्धास्त. ३ म्हणजे तिसरी स्टेज नव्हे, कर्करोगाची शक्यता २ टक्के किंवा त्याहून कमी, सहा महिन्यांनी पुन्हा बघायचे. ४ ला बायोप्सी, पण ४ अ मध्ये शक्यता २ ते १० टक्केच असते, ४ क मध्ये ५० ते ९५. ५ म्हणजे ९५ टक्क्यांच्या वर. इमेजिंग आधी आणि सुई नंतर, हा क्रम पाळावा, नाहीतर सुईने साकळलेले रक्त चित्रात गाठीसारखे दिसते. बारीक सुईने नुसत्या पेशी ओढून घेणाऱ्या एफएनएसीपेक्षा १४ गेजच्या कोअर सुईने घेतलेला तुकडा कधीही बरा. पसरणारा कर्करोग की नळीतलाच, हे त्यावरूनच कळते आणि उपचार ठरवणाऱ्या हार्मोन व हर-२ च्या चाचण्याही त्यावर होतात. कॅल्शियमच्या कणांची बायोप्सी केली असेल तर काढलेल्या तुकड्यांचा लगेच एक्स-रे काढून त्यात कण आले आहेत का ते पाहतात. ते आले नसतील तर ‘बिनाइन’ (कर्करोग नाही) या शब्दावर विसंबू नये, नेम चुकलेला असतो. सुई लावल्याने कॅन्सर पसरतो ही भीती निराधार आहे. त्या भीतीपायी वाया जाणारे महिने मात्र खरे असतात.

महापालिकेकडे एवढी यंत्रे कुठून येणार, असे कुणी म्हणेल. त्याचे उत्तर याच शहराने दिले आहे. टाटा मेमोरियल रुग्णालयाने १९९८ पासून मुंबईतल्या वीस वस्तीसमूहांत ३५ ते ६४ वयाच्या दीड लाखांवर स्त्रियांना घेऊन एक चाचणी केली. निम्म्या वस्त्यांत प्रशिक्षण दिलेल्या आरोग्य सेविकांनी दर दोन वर्षांनी हाताने स्तन तपासले, अशा चार फेऱ्या. वीस वर्षांचे निष्कर्ष २०२१ मध्ये आले. आजार लवकरच्या टप्प्यात सापडू लागला, आणि पन्नाशीपुढच्या स्त्रियांत स्तनकर्करोगाने होणारे मृत्यू जवळपास ३० टक्क्यांनी घटले. सगळ्या वयांत मिळून घट १५ टक्के होती, पण ती संख्याशास्त्राच्या कसोटीवर पक्की ठरली नाही, हेही सांगितले पाहिजे. केंद्र सरकारच्या २०१६ च्या मार्गदर्शक तत्त्वांतही तिशीपुढच्या स्त्रियांची दर पाच वर्षांनी हातानेच तपासणी सांगितली आहे. प्रत्यक्षात २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात ३० ते ४९ वयाच्या शंभरात एकीचीही कधी स्तनतपासणी झालेली नव्हती. ‘स्पर्श नाही’ ही बॅनरवरची फुशारकी या आकड्यांपुढे विचित्र वाटते.

मॅमोग्राफी शिबिरांच्या विरोधात आम्ही नाही. पण तिचा तोटाही बाईला कळायला हवा. ब्रिटनच्या स्वतंत्र समितीने २०१२ मध्ये हिशोब मांडला : पन्नाशीपासून वीस वर्षे दहा हजार स्त्रियांना बोलावत राहिले तर ४३ मृत्यू टळतात आणि १२९ जणींना असा कर्करोग सापडतो, ज्याने त्यांना आयुष्यभर त्रास दिला नसता. हा सौदा बहुतेकींना मान्य होईल असे आम्हाला वाटते. पण तो आधी सांगितलेला बरा.

शिबिराला हॉल देणाऱ्या सोसायट्या, मंडळे आणि मदत करणारी वॉर्ड कार्यालये यांना काही अटी घालता येतील. तपासणीचे नाव बॅनरवर ठळक असावे. मॅमोग्राफीसाठी चाळिशीच्या आतल्या स्त्रियांची नोंदणी करू नये, आणि गाठीची तक्रार घेऊन येणारीला रांगेत न ठेवता थेट रुग्णालयाची चिठ्ठी द्यावी. रिपोर्टवर बायरॅड्सचा आकडा, घनतेचा गट आणि वाचणाऱ्या रेडिओलॉजिस्टची सही असावी. ०, ४ आणि ५ आलेल्यांची सोनोग्राफी व बायोप्सी कोणत्या रुग्णालयात होणार, तिथल्या ओपीडीचा वार आणि वेळ काय, हे शिबिराच्या आधी ठरलेले असावे, आणि दोन आठवड्यांत त्या तिथे पोचल्या की नाही हे फोन करून पाहणारा एक माणूस नेमलेला असावा. हा माणूस नसेल तर शिबिर घेऊ नये. आणि चित्रांची सीडी बाईच्या हातात द्यावी, आयोजकांच्या कपाटात ठेवू नये. पुढच्या तपासणीत एखादी सावली दिसली तर जुने चित्र शेजारी लावून ती दोन-तीन वर्षे तशीच आहे असे दिसले की कित्येकदा सुईची गरजच उरत नाही.

आपले,
स्तनाच्या इमेजिंगमध्ये काम करणारे काही रेडिओलॉजिस्ट व तंत्रज्ञ,
मुंबई